भडोचच्या बैलापासून अथेन्सच्या घुबडापर्यंत : प्राणिचिन्हांची ग्रीक नाणी जमवताना

बडोद्याहून मुंबईकडे निघालेली गाडी तासाभरात भडोचला पोहोचते आणि लगेच नर्मदेचा पूल ओलांडून पुढे जाते. या भडोचला ग्रीक दर्यावर्दी बॅरिगाझा म्हणत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची बारीकसारीक माहिती एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. वायव्य हिंदुस्थानात राज्य करून गेलेल्या अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी आपल्या काळातही बॅरिगाझात चालतात, असे तो नोंदवतो. मिनँडर, म्हणजे बौद्ध परंपरेतला राजा मिलिंद, होऊन गेल्याला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे झाली होती. पहिल्या अपोलोडोटसच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आहे. ग्रीक नाण्यांवरील प्राणी जमवू इच्छिणाऱ्या बडोदेकराने सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर मला या एका नोंदीत मिळाले. ‘दाम’ हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्दसुद्धा ‘द्राख्मे’ या ग्रीक चांदीच्या नाण्याच्या नावावरून, संस्कृत ‘द्रम्म’च्या वाटेने आपल्यापर्यंत आलेला आहे.

या छंदात पडणारे बहुतेक जण पहिली उडी अथेन्सच्या घुबडावर घेतात. माझा सल्ला तसा नाही. ते नाणे महाग आहे, त्याच्या नकलाही सर्वांत जास्त होतात, आणि डोळा तयार होण्यापूर्वी घेतलेले महाग नाणे पुढे मनस्ताप देते. घुबडाची ओढ असेलच, तर युरोपातून परतणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला ग्रीसचे एक युरोचे नाणे आणायला सांगावे. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या त्याच घुबडाचे चित्र त्यावर घेतलेले आहे. ते टेबलावर ठेवून रोज पाहावे. घुबडाचे अंग उजवीकडे वळलेले असते, मात्र चेहरा थेट आपल्याकडे असतो. मागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर असते आणि पुढे अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरे असतात. ही रचना एकदा मनात पक्की बसली की खऱ्या नाण्यांची छायाचित्रे पाहताना कारागिराच्या हाताचे फरक आपोआप दिसू लागतात. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात आणि घरातली वडीलधारी माणसे ते नाणे देवघरापासून दूर ठेवायला सांगतात, हा माझा अनुभव आहे. अथेन्सकरांसाठी मात्र तो अथीना या ज्ञानदेवतेचा पक्षी होता.

कोणता प्राणी निवडावा

ग्रीक जग म्हणजे एक राज्य नव्हते. शेकडो नगरे आपापली नाणी पाडत होती आणि नाण्यावरचा प्राणी हा त्या नगराचा शिक्का होता. तो प्राणी कशासाठी निवडला गेला, हे समजून घेतल्याशिवाय संग्रहाला दिशा मिळत नाही. काही ठिकाणी तो देवतेचा प्राणी आहे : इफिससच्या नाण्यांवरची मधमाशी आणि हरिण ही आर्टेमिस देवीची, तर सिसिलीतल्या आक्रागासचा गरुड झ्यूसचा. काही ठिकाणी तो नगराच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. मारमाराच्या समुद्रावरील किझिकोस या नगरासमोरून टूना माशांचे थवे जात असत, म्हणून तेथील जवळजवळ प्रत्येक नाण्यावर, मुख्य चित्र कोणतेही असले तरी, कोपऱ्यात एक टूना मासा असतोच. काही ठिकाणी निव्वळ शब्दश्लेष आहे. फोकाया नगराने सील हा प्राणी घेतला, कारण ग्रीक भाषेत सीलला ‘फोके’ म्हणतात. एजिना बेटाने समुद्री कासव घेतले आणि इ. स. पू. पाचव्या शतकात त्याच्या जागी जमिनीवरचे कासव आणले. गुळगुळीत पाठ आणि खवल्याखवल्यांची पाठ यांवरून ही दोन्ही नाणी लहान मुलालाही वेगळी ओळखता येतात. कॉरिंथने पंखांचा घोडा पेगासस घेतला. काळ्या समुद्राकाठच्या ओल्बियाने तर नाणेच डॉल्फिनच्या आकाराचे ओतले.

इतकी विविधता पाहिली की सगळेच हवेसे वाटते, आणि संग्रह फसतो तो येथेच. एकच प्राणी धरावा. मी बैल धरला, आणि त्याचे कारण सरळ आहे. थ्रेसपासून पंजाबपर्यंत बैलाची नाणी सापडतात, ती चांदीत आहेत तशी तांब्यातही आहेत, आणि त्या एका प्राण्यामागून जाताना ग्रीक नाणी पूर्वेकडे सरकत कशी बदलली हे हातात धरून पाहता येते. आशिया मायनरमधील पॅरियनच्या नाण्यावरचा बैल मान मागे वळवून पाहतो. त्याची पाठ सपाट आहे. अलेक्झांडरचा सेनापती आणि पुढे पश्चिम आशियाचा राजा झालेल्या सेल्युकसच्या तांब्याच्या नाण्यांवरचा बैल शिंगे खाली घालून धडक द्यायला निघालेला आहे. त्यालाही वशिंड नाही. अपोलोडोटसच्या नाण्यावर मात्र वशिंड येते आणि आपला बैल आला हे सांगावे लागत नाही.

सिंह निवडायचा असेल तर थ्रेसच्या केर्सोनेससचे छोटे नाणे उत्तम. साधारण २.४ ग्रॅम वजनाच्या या नाण्यावर मागे वळून पाहणारा सिंहाचा पुढचा अर्धा भाग आहे, आणि मागच्या बाजूला चार भागांत विभागलेला खोलगट चौकोन आहे. हे नाणे इ. स. पू. चौथ्या शतकात भरपूर पाडले गेले, त्यामुळे आजही परवडते. मिलेटसच्या सिंहाची जेमतेम एक-सव्वा ग्रॅमची नाणीही तशीच. रानडुक्कर हवे असेल तर किझिकोसची शर्टाच्या बटणाएवढी नाणी पाहावीत. त्यांच्यावर धावत्या डुकराचा पुढचा भाग, त्याच्या पाठीमागे उभा टूना आणि उलट बाजूला सिंहाचे डोके असते. एका सेंटीमीटरमध्ये तीन प्राणी पाहायला मिळतात. गरुड हवा असेल तर इजिप्तच्या टॉलेमी राजांची जाडजूड तांब्याची नाणी घ्यावीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना मधोमध एक बारीक खळगा असतो. तो नाणे बनवतानाच पडलेला आहे. नवखा माणूस त्याला दोष समजून चांगले नाणे हातचे घालवतो.

हत्तीविषयी थोडे अधिक सांगतो. चंद्रगुप्त मौर्याने सेल्युकसला पाचशे हत्ती दिले, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, आणि त्यानंतर सेल्युकसच्या नाण्यांवर हत्ती दिसू लागतात, हत्ती जुंपलेले रथसुद्धा दिसतात. बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडच्या ग्रीक राज्याच्या, पहिल्या डिमिट्रियसने तर हत्तीच्या मस्तकाचे कातडे शिरस्त्राणासारखे घातलेली स्वतःची छबी नाण्यावर काढली. मिनँडरच्या लहान चौकोनी तांब्याच्या नाण्यांवर नुसते हत्तीचे डोके असते आणि मागे हेराक्लिसची गदा असते. ही नाणी चांदीच्या मानाने स्वस्त आहेत, आणि ज्याला केवळ हिंदुस्थानाशी नाते असलेला हत्ती हवा आहे त्याने त्यांपासून आरंभ करावा.

एक नाणे जवळून

अपोलोडोटसचे चौकोनी चांदीचे नाणे तळहातावर घेतले तर ते अंगठ्याच्या नखाएवढे असते. वजन साधारण २.४ ग्रॅम. अथेन्सच्या मापातला द्राख्म सुमारे ४.३ ग्रॅमचा, तो सोडून या राजाने हलके माप घेतले आणि आकारही आपल्या जुन्या आहत, म्हणजे छोटी चिन्हे ठोकून उमटवलेल्या, नाण्यांसारखा चौकोनी केला. हत्तीच्या बाजूला ग्रीक लेख आहे : ‘बॅसिलिऑस अपोलोडोटू सोटेरोस’. बैलाच्या बाजूला वायव्य हिंदुस्थानातील जुन्या खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे, ‘महरजस अपलदतस त्रतरस’ असे आहे. दोन्ही लेख षष्ठी विभक्तीत आहेत : तारणहार राजा अपोलोडोटसचे, म्हणजे त्याचे नाणे. ‘त्रतर’ म्हणजे आपला ‘त्राता’. अशा द्वैभाषिक नाण्यांच्या आधारानेच १८३० च्या दशकात इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपला खरोष्ठीची अक्षरे लावता आली, हे लक्षात घेतले तर या बोटभर चांदीकडे पाहण्याची नजर बदलते.

आता बैल पाहावा. दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग डोळ्याला लावावे, नाणे खिडकीजवळ धरावे आणि उजेड बाजूने, अगदी आडवा पडू द्यावा. वशिंड खांद्याच्या बरोबर वर आहे, गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी आहे, पुढचे पाय थोडे ताठ आहेत. बडोद्याच्या आसपास कांकरेज जातीचे बैल पाहिलेल्या माणसाला हे शरीर ओळखीचे वाटेल. खऱ्या नाण्यात वशिंडाचा उंचवटा झिजून सपाट होतो, पण पोटाखालची रेघ, जी खोलगट भागात आहे, ती तशीच धारदार राहते. झीज नेहमी उंच भागावर होते. ज्या नाण्यात उंच आणि खोल असे सगळेच सारखे गुळगुळीत झालेले दिसेल, ते बाजूला ठेवावे.

खरे आणि खोटे

सुरुवातीच्या वर्षांत मी हेच नाणे एका दुकानातून घेतले होते. हत्तीच्या कानावर एक तिरकी रेघ होती आणि ती मला फार आवडली, कारण नाणे वापरल्याची ती खूण आहे असे वाटले. दोन वर्षांनी एका प्रदर्शनात दुसऱ्याच टेबलावर तेच नाणे दिसले. कानावर तीच रेघ, त्याच कोनात, तेवढ्याच लांबीची. एका ठशाने पाडलेल्या दोन खऱ्या नाण्यांत चित्र सारखे असते, परंतु चलनात फिरताना पडलेला ओरखडा दुसऱ्या नाण्यावर येऊ शकत नाही. दोन्ही नाणी एकाच मूळ नाण्याच्या साच्यातून ओतलेली होती. त्या दिवसापासून माझा नियम असा आहे की कोणतेही नाणे घेण्यापूर्वी त्या प्रकाराची निदान पन्नास छायाचित्रे पाहायची, आणि एकही ओरखडा, एकही तडा, काठावर कापला गेलेला एकही शब्द दुसऱ्या नाण्यावर जुळला, तर ते नाणे घ्यायचे नाही.

जुने नाणे ठोकलेले असते. गरम केलेली चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवून वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. त्यामुळे काठाला बारीक तडे जातात, धातू ठशाच्या खाचांत शिरताना त्याच्या ओघाच्या रेषा भिंगातून दिसतात, आणि चित्र बहुधा थोडे सरकलेले असते. ओतीव नकलेचा पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा असतो, त्यात सुईच्या टोकाएवढे खळगे असतात, आणि साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ काठावर राहते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा राहतात. म्हणून काठ पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. विक्रेता काठाचे छायाचित्र द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तेथेच थांबावे. नव्या ठशांनी यंत्राने दाबलेल्या नकला अधिक कठीण असतात; त्या ओळखायला भिंग पुरत नाही, ठशांची तुलनाच करावी लागते.

वजन हा दुसरा पहारेकरी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घरी असावा. अथेन्सचे मोठे चार द्राख्मांचे नाणे १७.२ ग्रॅमच्या आसपास, कॉरिंथचा पेगासस ८.६ च्या आसपास, एजिनाचे कासव १२.२ च्या आसपास भरले पाहिजे. झिजेमुळे थोडे कमी चालेल. जास्त भरले तर मात्र शंका घ्यावी, कारण टांकसाळीतले लोक फुकट चांदी देत नव्हते.

धातूची घनता घरीच तपासता येते. वजनकाट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला लागणार नाही असे हाताने धरावे. काट्यावर जो आकडा येईल, ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागावे. शुद्ध चांदीचे उत्तर १०.५ च्या जवळ येते, तांब्याचे ९ च्या जवळ. १७.२० ग्रॅमच्या घुबडासाठी काट्यावर १.६६ आले, तर उत्तर १०.३६ येते, म्हणजे चांगली चांदी. परंतु ही पद्धत लहान नाण्याला आंधळेपणाने लावू नये. २.४५ ग्रॅमच्या बैलाला काटा ०.२४ दाखवील, तोच ०.२३ दाखवला तर उत्तर १०.६५ आणि ०.२५ दाखवला तर ९.८ येते, म्हणजे काट्याच्या एका पावलात निष्कर्ष बदलतो. लहान नाण्यांसाठी मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो, तो ओळखीच्या सराफाकडे असतो. नाण्यावर दोऱ्यालगत हवेचे बुडबुडे चिकटलेले असतील तर तेही हलकेच झटकून घ्यावेत.

खोटे नाणे नेहमी आजचेच असते असे नाही. आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असलेली नाणी त्या काळातही होती, आणि म्हणूनच अथेन्सच्या घुबडांवर छिन्नीचे घाव आढळतात. आत काय आहे हे पाहण्यासाठी घेणाऱ्याने ते घातलेले असत. इ. स. पू. ३७५ च्या सुमाराच्या अथेन्सच्या एका कायद्यात बाजारात बसून नाणी तपासणाऱ्या सरकारी परीक्षकाची कामे ठरवून दिलेली आहेत. असे घाव असलेले घुबड स्वस्त मिळते. मला स्वतःला ते अखंड नाण्यापेक्षा अधिक बोलके वाटते, आणि मर्यादित पैशात मोठे नाणे हवे असलेल्या माणसाने त्याचा जरूर विचार करावा.

घेताना काय सांभाळावे

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार पुरावशेष ठरते. ते देशाबाहेर पाठवण्याला खासगी व्यक्तीला बंदी आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे पुरातत्त्व खात्याचा परवाना असावा लागतो. म्हणून विक्रेत्याकडे परवाना मागावा आणि पावती घ्यावी. पावतीवर नाण्याचे वजन आणि छायाचित्र असले तर उत्तम. या कायद्याचा एक परिणाम नवख्यांच्या ध्यानात येत नाही. परदेशी लिलावातून मागवलेले नाणे खोटे निघाले आणि ते परत पाठवायचे म्हटले, तर येथून ते बाहेर जाण्याचा मार्ग सोपा राहत नाही. त्यामुळे परदेशातून घ्यायचे असेल तर तपासणी नाणे निघण्यापूर्वीच पुरी करून घ्यावी, आणि सीमाशुल्काची चौकशीही आधीच करावी.

‘शेतात सापडले’, ‘नर्मदेच्या पात्रात सापडले’ असे सांगून कोणी नाणे पुढे केले, तर ते घेऊ नये. जमिनीतून निघालेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने बंधनकारक आहे. कायद्याखेरीज दुसरेही कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. भडोचच्या बाजारात अपोलोडोटसची नाणी चालत होती हे आपण एका व्यापाऱ्याच्या लिखाणावरून म्हणतो. ते जमिनीतून सिद्ध व्हायचे असेल तर नाणे कोणत्या गावात, कोणत्या थरात, कशाच्या सोबत निघाले हे ठाऊक असावे लागते. जे नाणे गुपचूप विकले जाते ते ही साक्ष कायमची गमावते. १९९० च्या दशकातील यादवीत काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयातील नाण्यांचा मोठा साठा लुटला गेला, आणि अफगाणिस्तानातील मीर झका येथून निघालेली अगणित नाणी नोंद न होताच बाजारात पांगली. आपल्या हातातले बैलाचे नाणे त्यांपैकी नाही असे सांगता यावे, यासाठी जुन्या संग्रहाचा, जुन्या सूचीचा किंवा जुन्या पावतीचा आधार असलेले नाणे थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

पाहण्यासाठी मात्र फारसा खर्च लागत नाही. सयाजीबागेतील बडोदा संग्रहालय महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी उभारले; तेथे प्राचीन वस्तूंसमोर तास-दीड तास उभे राहण्याची सवय लावून घ्यावी. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जुन्या नाणेसूचींची चौकशी करावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा नाणेसंग्रह मोठा आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्राची संशोधनसंस्था तर आपल्या घरचीच म्हणावी. ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी यांचे संग्रह वजनासह संगणकावर विनामूल्य पाहता येतात. वर सांगितलेली पन्नास छायाचित्रे येथूनच गोळा होतात.

जपणूक

आमच्या घरी गायकवाडी तांब्याचा पैसा होता, घोड्याची टाप आणि तलवार असलेला. माझ्या मावशीने एका दिवाळीत देवाच्या भांड्यांबरोबर तोही चिंचेने घासून लख्ख केला. तिने मायेनेच केले, पण शंभर वर्षांत धरलेली तपकिरी कळा गेली आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, सराफाचे तेजाब यांपैकी काहीही जुन्या नाण्याला लावू नये. चांदीवरचा काळसर थर आणि तांब्यावरचा घट्ट हिरवा थर ही नाण्याची त्वचा आहे. मातीच बसली असेल तर शुद्ध पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, काही दिवस ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि मऊ कुंचल्याने हलकेच पुसावे. त्याच्या पलीकडे नवख्याने जाऊ नये.

तांब्याच्या नाण्यावर घट्ट हिरव्या थराऐवजी फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली तर ते नाणे लगेच वेगळे करावे. धातूतील क्लोराइड दमट हवेत ओलावा घेऊन तांबे खात जाते, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात ही क्रिया पाहता पाहता वाढते. जून ते सप्टेंबर नाणी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि पुड्या मधूनमधून गरम करून कोरड्या कराव्यात. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत. त्यांतील पीव्हीसीमुळे नाण्यावर चिकट हिरवा थर येतो. पॉलिस्टरची कडक पाकिटे घ्यावीत. नव्या प्लायवूडच्या कपाटातील वाफाही तांब्याला बाधतात.

चांदीच्या नाण्याविषयी आणखी एक सावधगिरी. दोन हजार वर्षांत काही चांदी आतून ठिसूळ होते आणि नाणे फरशीवर पडले तर काचेसारखे तुटते. नाणे नेहमी कडेने धरावे, खाली जाड कापड अंथरावे आणि ते टेबलापासून वीतभरापेक्षा वर उचलू नये. पाहुण्यांच्या हाती देतानाही हा नियम मोडू नये.

नोंदवही

प्रत्येक नाण्याला वहीत एक पान द्यावे. वजन दोन दशांशांपर्यंत, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंचे वर्णन, लेखातील दिसणारी आणि झिजलेली अक्षरे, कोणाकडून, कधी, किती रुपयांना घेतले, आणि त्यापूर्वी ते कोणाच्या संग्रहात होते, हे सगळे त्यात यावे. दोन्ही छापांचा परस्पर कोनही लिहावा : नाणे पुढच्या बाजूने सरळ धरून उभ्या अक्षावर फिरवावे आणि मागच्या चित्राचे डोके घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे येते ते टिपावे. एकाच टांकसाळीत हा कोन पुष्कळदा ठरलेला असतो, त्यामुळे वेगळा कोन आला तर पुन्हा तपासावे. छायाचित्र सकाळच्या आडव्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावे. पाकिटातील चिठ्ठीवर वहीच्या पानाचा क्रमांक लिहावा. नाण्यावर काहीही लिहू नये.

वहीच्या पहिल्या पानावर घरच्या माणसांसाठी चार ओळी असाव्यात : ही नाणी कोठे ठेवली आहेत, त्यांच्या पावत्या कोणत्या फायलीत आहेत, त्यांना चांदीच्या भावाने विकू नये, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यांना हात लावू नये.